केसपेपरवर तोंडाचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉर्डात नाडी, ताप, रक्तदाब, लघवीचे माप वेळच्या वेळी लिहिले जाते. तोंडापुरती मात्र ‘ओरल केअर दिली’ एवढीच ओळ पडते आणि पुढच्या शिफ्टमध्येही तीच उतरते. जीभ कोरडी होती की पांढरी, हे त्यातून कळत नाही. मग तोंड सुधारले की बिघडले, हे पुढच्या सिस्टरने ठरवायचे कशावरून?

ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे या आठ बाबींना प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण देणारा ‘ओहॅट’ नावाचा तक्ता आहे. एकूण गुण 16. जितके जास्त, तितकी अवस्था वाईट. टॉर्च, हातमोजे आणि गॉज एवढ्यावर तपासणी होते. कवळी आधी काढायची, नाहीतर तिच्याखालची लाल झालेली टाळू दिसतच नाही. पांढरा थर गॉजने हलकेच पुसून पाहावा. निघाला तर बुरशीची शक्यता. न निघणारा चट्टा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा. ‘तोंडात जखम’ असे मोघम न लिहिता ‘डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेसमोर, सुमारे 1 सेंमी, कधीपासून’ असे लिहावे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम तपासून घ्यायलाच हवी, आणि ते दोन आठवडे मोजायला पहिली तारीख कागदावर लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट निसटते. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की अनेक बायका ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच. ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे. तोंड पुरेसे उघडते का हे कळण्यासाठी रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, तेही लिहावे.

व्हेंटिलेटरवरील रुग्णासाठी डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर होती का, सक्शन केले का (तोंडातली लाळ-स्राव नळीने ओढून घेतला का), ब्रश वापरला की नुसता गॉज, कोणते द्रावण वापरले, हे सगळे हवे. 2022 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी ब्रशने दात घासायला सांगितले आहे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक द्रावणाची शिफारस मात्र नाही. आपण नेमके काय वापरतो हे लिहिलेच नाही, तर बदल करायचा कशात?

रुग्णाने तोंड उघडले नाही तर ‘नकार’ एवढेच लिहू नये. दुखते म्हणून, गुंगी आहे म्हणून की घाबरला म्हणून, हे लिहिले तर पुढची शिफ्ट वेगळ्या वेळी, वेगळ्या पद्धतीने प्रयत्न करील.

कवळी कागदात गुंडाळून उशाशी ठेवली की चादरीबरोबर धुवायला जाते. नाव लिहिलेल्या डबीत, साध्या पाण्यात ठेवावी आणि ऑपरेशनला नेताना कोणाच्या ताब्यात दिली तेही लिहावे.

रुग्णालय व्यवस्थापनांनी या आठ बाबी दाखल-फॉर्मवरच छापून घ्याव्यात आणि कोणत्याही बाबीला 2 गुण आले तर दंतवैद्यांना कोणी, किती वेळात कळवायचे, हे त्याच पानावर ठरवून द्यावे.

आपल्या,
काही परिचारिका, कोल्हापूर