हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी

जुळे सोलापूर,
गुरुवार

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या ब्रेकचे शू नवे बसवून सोमवारी सकाळी तू हुतात्मा एक्सप्रेसनं गेलास आणि दुपारी मी गाडी बाहेर काढली. आसरा चौकातून विजापूर रोडला लागून संभाजी तलावापर्यंत गेलो, तिथूनच वळवली, दारात लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हो अण्णा, हो अण्णा' करतोस. शिवाय कागद बॉनेटवर ठेवून काम करता येतं, म्हणून लिहितोय.

काम वाईट केलेलं नाहीस, हे आधी सांगतो. ड्रमला आतून धरणाऱ्या दोन कमानींपैकी, म्हणजे शूपैकी, हँडब्रेकचा लिव्हर असलेला मागच्या अंगाला येतो, तो बरोबर बसवलास. शूची टोकं त्यांना ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरच्या खाचेत नीट होती. कॉटर पिनाही नव्या टाकल्यास. जुनीच पिन ठोकून सरळ करून परत घालणारे मिस्त्री मी बरेच पाहिलेत, त्यामुळे ते बघून बरं वाटलं. पण ब्रेकमध्ये बरंचसं बरोबर असून भागत नाही की बे.

झालं असं. पेडल पहिल्या दाबाला पार खाली गेलं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर आलं. गाडी ओढीला जड वाटत होती, उताराला न्यूट्रल केली तरी धावेना. घरी येऊन मागच्या दोन्ही चाकांना हात लावून बघितला. डावं गार, आणि उजव्याच्या रिमवर हात ठेववेना.

पेडल खाली गेलं की सगळे ब्रेक ऑइलची बाटली घेऊन हवा काढायला बसतात. तूही बसला असतास. पण जरा विचार कर, तू पाइप खोललाच नव्हतास, सिलेंडर जागचा हलवला नव्हतास, मग हवा शिरली कुठून? आधी एक साधी परीक्षा घ्यायची. सपाटीवर गाडी उभी कर, हँडब्रेक पूर्ण ओढ आणि मग पेडल दाबून बघ. पेडल एकदम वर आलं तर दोष मागच्या शूच्या अंतरात आहे. हँडब्रेकनं शू आधीच ड्रमला नेऊन टेकवलेले असतात, त्यामुळे सिलेंडरच्या पिस्टनला फार पळावं लागत नाही. हँडब्रेक ओढूनही पेडल मऊच राहिलं तर मग हवेचा संशय घ्यायचा. आपलं पेडल वर आलं. चाक न खोलता निम्मा निकाल लागला.

मग डावा ड्रम काढला. दोन्ही शूच्या मध्ये ती आडवी पट्टी आहे ना, तिच्यावर दाते असतात आणि त्या दात्यांत रॅचेट, म्हणजे एकाच दिशेला सरकणारा खटका, अडकतं. शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजत जातो तसं शूला जास्त फाकावं लागतं. ठरावीक अंतराच्या पुढे गेलं की रॅचेट एक दाता पुढे सरकतं आणि मागे येत नाही. अ‍ॅडजस्टर म्हणतात तो एवढाच. तुझ्या डाव्या चाकात रॅचेट दात्यांवर टेकलेलंच नव्हतं. त्याची ती बारीक स्प्रिंग उलट्या अंगानं अडकवलेली होती. बोटानं हलवलं तर इकडून तिकडे नुसतं लोंबत होतं. ड्रम चढावा म्हणून तू पट्टी आखडून घेतलीस ते बरोबरच, पण ती आखडलेली ती आखडलेलीच राहिली. कितीही पेडल मारलं असतंस तरी शू जवळ आले नसते.

हे का झालं तेही कळलं. आईच्या मोबाइलवर तू टाकलेले फोटो बघितले, सगळेच्या सगळे उजव्या चाकाचे. दोन्ही ड्रम एकदम खोललेस आणि डावं चाक उजव्याच्या फोटोबरहुकूम जोडत गेलास. अरे, डावं चाक म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप. मोठ्या स्प्रिंगांच्या बाबतीत फसगत होत नाही, त्या चुकीच्या भोकात गेल्या तर बसतच नाहीत. ही बारकी मात्र कुठूनही अडकते आणि अडकली की बरोबर बसल्यासारखी दिसते. कापडाच्या कारखान्यात मी जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा मुकादम, असताना नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच सांगायचो, शेजारचा माग चालू असल्याशिवाय या मागाला पाना लावायचा नाही. अडलं की मान वळवून बघता आलं पाहिजे. मागच्या ब्रेकला तर देवानंच दोन चाकं दिलीत, एका वेळी एकच खोल.

आता उजवं चाक का तापलं ते ऐक. डावं चाक पकडत नव्हतं, म्हणून हँडब्रेक फार वर येत होता. तो खाली आणायला तू गाडीच्या आत हँडब्रेकच्या दांड्यापाशी केबलचा नट पिळलास. धूळ नसलेले आटे चांगले दोन बोटं बाहेर दिसत होते, त्यावरून कळलं. ओढ गेली सगळी उजवीकडे, जिथे शू आधीच जवळ होते, आणि हँडब्रेक खाली असतानासुद्धा ते ड्रमला घासत राहिले.

ही गोष्ट नीट ध्यानात घे, कारण चांगली चांगली माणसं इथंच फसतात. केबल ताणलेली असली की ड्रममधला लिव्हर पूर्ण मागे जाऊन शूवर टेकत नाही. तो आडव्या पट्टीला कायम रेटत राहतो, आणि रेटलेल्या पट्टीवर रॅचेटला पुढे सरकता येत नाही. म्हणजे केबल पिळून आपण अ‍ॅडजस्टरच बंद पाडतो. मग लायनर झिजतो, पेडल खाली जातं, हँडब्रेक वर येतो आणि माणूस परत नट पिळतो. हँडब्रेक वर यायला लागला की आधी ड्रमच्या आत बघायचं. केबल नवी टाकलेली नसेल तर तिला हात लावायची वेळ सहसा येतच नाही.

डाव्या चाकात आणखी एक सापडलं. लायनरवर ग्रीसचा अख्खा अंगठा उमटला होता, रेषा मोजता येतील असा. ठसा वरवरचा होता, म्हणून काचपेपरनं घासून स्पिरिटनं पुसला आणि शू ठेवले. तेल आत मुरलं असतं तर नवे असले तरी दोन्ही बाजूंचे शू बदलायला लावले असते, कारण तसला लायनर धुऊन सुधारत नाही. गाडी एका अंगाला ओढते आणि पावसात तर नेमकी नको तिथे ओढते. ग्रीस लागतं ते शूच्या मागच्या पत्र्यावर, बॅक प्लेटवर, शू जिथे घासत सरकतो त्या उंचवट्यांना, तेही बोटानं पुसून घेतल्यासारखं. ते तू कोरडेच ठेवलेस आणि भलतीकडे लावलंस. पेडल सोडताना कुरकुर आवाज येत होता तो त्याचाच.

सिलेंडरची रबरी टोपी उचलून आत बघितलं, कोरडं आहे. नुसता ओलसरपणा चालतो, पण थेंब दिसला तर आतल्या रबरांचं किट बदलायचं, आणि तिथून मात्र हवा शिरू शकते. त्या रबराला रॉकेल, पेट्रोल, डिझेल काही लावायचं नाही, फुगतं. पुसायचं ते ब्रेक ऑइलनंच. आणि ड्रममधली काळी पूड तोंडानं फुंकताना तुला मी पाहिलंय. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पूस.

तू म्हणशील, एवढ्यासाठी गाडी उभी कशाला ठेवली. केबल सैल केल्यावर उजवं चाक मोकळं फिरायला लागलंय, गावात फिरवायला हरकत नव्हती. पण आईला नवरात्राची गर्दी व्हायच्या आत तुळजापूरला जायचंय आणि येताना घाट उतरायचाय. मागचा ब्रेक चिकटत असेल तर उतारावर ड्रम तापतो, त्याच्याबरोबर सिलेंडरमधलं तेल तापतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी धरलेल्या तेलाची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तेल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. आपलं तेल कधी बदललंय ते आठवत असेल तर सांग, मला तरी आठवत नाही. रविवारी तेही बदलून टाकू.

उजवा ड्रम मी मुद्दाम उघडलेला नाही. तो तू खोल, मी खुर्चीवर बसतो. केबल मी सैल करून ठेवली आहे, ती तशीच राहू दे. पुढच्या चाकांना विटा लाव, कारण हँडब्रेक खालीच ठेवायचाय. गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर घे, नुसत्या जॅकवर नको. ड्रम निघत नसेल तर कडेला हातोडा मारू नको. ड्रमच्या आतल्या काठाला झिजून कंगोरा झालेला असतो, त्यात शू अडकतात. आणि ड्रम बाहेर असताना पेडलवर पाय जाता कामा नये. पिस्टन उडून बाहेर येतात, मग हवा काढायचं काम खरंच निघतं.

परत जोडताना पट्टी आखडून घे. ड्रम चढत नसेल तर शू वर-खाली सरकले असतील, तळव्यानं थोपटून मध्ये आण. तरीही चढला नाही तर लिव्हर शूवर नीट टेकलाय का ते बघ. जोर लावून ड्रम बसवायचा नाही. चाक लावल्यावर पेडल तीन ते पाच वेळा चांगलं जोरात, तीसेक किलोचा भार पडेल असं दाब आणि कान दे. आत टक टक ऐकू येईल, ते रॅचेट दाते धरतंय. डाव्या चाकाला मी हे केलं तेव्हा तुझी आई स्वयंपाकघरातून विचारत होती, काय मोडलं म्हणून. चाक हातानं फिरवून बघ, किंचित घासल्याचा आवाज आला तर चालतो, अडायला नको. हे सगळं झाल्यावर मग केबलचा नट, पाच-सहा टकांत हँडब्रेक धरेल इतकाच.

येताना ब्रेकचं उष्णतेला टिकणारं ग्रीस आण, लहान ट्यूब मिळाली तर बघ. इथे दुकानदार मला डबाच काढून दाखवतो, तो आपल्याला जन्मभर पुरेल. ब्रेक ऑइल मी आणून ठेवलंय, सील फोडलेलं नाही. शनिवारी संध्याकाळची हुतात्मा धर, म्हणजे दहाच्या सुमारास घरी येशील. रविवारी सकाळी सातला सुरू करू, नऊनंतर अंगणात ऊन येतं आणि मग तू पाने टाकून पंख्याखाली जाऊन बसतोस.

तुझा,
अण्णा