फोन लागला नाही तर घाबरू नका

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आई लगेच "बरं" म्हणाली असती, बाबांनी "पैसे आहेत ना?" एवढंच विचारून फोन परत आईकडे दिला असता, आणि त्या "बरं"नंतर माझ्या तोंडून पुढचं काही आलं नसतं. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा, मधेच दादाला फोन लावू नका. त्याला सगळं माहीत आहे, आणि आधी त्याला सांगितलं म्हणून रागावूही नका. वाटेचा नकाशा, मुक्कामांचे फोन नंबर कोणाकडे तरी असायला हवेत म्हणून त्याला सांगितलं.

या दिवाळीला मी येत नाहीये. रजा मिळाली आहे, पण ती मी दुसऱ्या कामासाठी घेतली आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर मी एकटी चालायला जाणार आहे, आणि चालताना शक्यतो बोलणार नाहीये. इथे जपानमध्ये कुमानो होंगूच्या देवस्थानापासून कोयासानच्या मठांपर्यंत डोंगरातून एक जुनी वाट जाते. कोहेची म्हणतात तिला. साधारण ७० किलोमीटर, चार दिवसांची चाल. वर पोचल्यावर मठात मुक्काम. रजा मंजूर झाली आहे, राहायच्या जागा ठरल्या आहेत. परवानगी मागत नाहीये हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण तुमच्या मनात किंतू ठेवून मला जायचं नाही, म्हणून हे एवढं मोठं पत्र.

आई, पहिल्यांदा तुझी भीती. मी संन्यास घेत नाहीये. केस कापणार नाही, नाव बदलणार नाही. कोयासानला शंभराहून जास्त मठ आहेत आणि त्यातले पन्नासेक मठ साध्या प्रवाशांना राहायला जागा देतात. शाळेच्या सहली येतात, म्हातारी जोडपी येतात. पहाटे त्यांच्या प्रार्थनेला बसायचं, दिवसभर शांत राहायचं, संध्याकाळी लवकर जेवायचं आणि झोपायचं, एवढंच. सुट्टी संपली की मी ऑफिसात असेन.

बाबा म्हणतील, चालायचंच होतं तर माझ्याबरोबर वारीला आली असतीस. येईन, बाबा. एकदा आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पूर्ण येईन, हे मी विसरलेले नाही. पण वारीत टाळ-मृदंग असतो, शेजारी कोणीतरी "माउली, कुठलं गाव?" विचारतं, आणि त्यात सुख आहे हेही मला कळतं. मला आत्ता तेवढंच सोसवत नाहीये. मार्चपासून मी फक्त बोलते आहे. ऑफिसात तीन भाषांमध्ये बोलते, आणि ऑफिस सुटलं की मावशीला, आत्याला, मैत्रिणींना, त्याच्या घरच्या माणसांना समजावून सांगते. जे कोणी विचारेल त्याला सांगते की मी ठीक आहे, दोघांच्या संमतीनेच वेगळे झालो, कोणाची चूक नव्हती. आता ती वाक्यं मला पाठ झाली आहेत आणि त्यातलं खरं किती हे माझं मलाच कळेनासं झालंय. तुम्ही दोघांनी मात्र एकदाही विचारलं नाहीत. आईने कपाटातल्या त्या साड्या कधी आणि कुठे हलवल्या तेही मला कळू दिलं नाही. तुमच्या न विचारण्याने मला केवढा आधार दिला, हे सांगायचं राहिलं होतं.

आणि बाबा, न बोलता चालायचं हे तर मी तुमच्याकडूनच घेतलंय. आजोबा गेले त्या वर्षी तुम्ही मला रोज संध्याकाळी कालव्याच्या कडेने न्यायचात. मी तुमची करंगळी धरलेली असायची आणि पार पुलापर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत. मला वाटायचं, बाबा माझ्यावर चिडलेत. नंतर कळलं, तुम्ही रडत नव्हतात म्हणून चालत होतात. पुलापाशी पोचलं की तुम्ही मला कठड्यावर बसवायचात आणि म्हणायचात, "छोटे, आता बोल." मग मी शाळेतलं सगळं सांगायचे. मलाही तसंच, आधी चालायचंय. बोलणं नंतर.

जपानमध्ये इतक्या वाटा असताना हीच का, असं दादानेही विचारलं. कुमानोला जाणारी दुसरी एक वाट आहे, नाकाहेची, ती सोपी आहे आणि म्हणून गर्दीची आहे. २००४ साली या डोंगरातल्या तीर्थस्थळांना आणि त्यांच्या वाटांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून लोक जगभरातून येतात. कोहेचीवर माणसं कमी भेटतात, कारण तिच्यात हजार मीटरच्या वरच्या तीन खिंडी लागतात. हातेनाशी, मिउरा आणि ओबाको. पहिल्या खिंडीच्या वाटेवर कान्नोनच्या ३३ दगडी मूर्ती ओळीने लागतात. आपण ज्याला अवलोकितेश्वर म्हणतो, तीच ही कान्नोन, इथे करुणेची देवी म्हणून तिला पुजतात. सगळीकडे देवदार-सुरूसारख्या उंच झाडांचं दाट रान. "तीन खिंडी" वाचून आईने पत्र खाली ठेवलं असेल, तर आई, उचल. ओसाकाजवळ कोंगो नावाचा डोंगर आहे, ११२५ मीटरचा. पावसाळा सरल्यापासून शनिवार-रविवार भरलेली सॅक घेऊन मी तोच चढते उतरते आहे. पाय तयार आहेत. बूटही जुने, पायाला बसलेले आहेत, नवे घालून जाणार नाही.

राहण्याचं सांगते. रोजचा मुक्काम घरगुती खानावळीत आहे, तंबूत नाही. अंघोळीला कढत पाणी, रात्री जाड दुलई, सकाळी निघताना दुपारच्या जेवणाचा डबा. वाटेवरच्या तोत्सुकावा गावाला तर गरम पाण्याचे झरेच आहेत, दिवसभराच्या चालीनंतर त्यात पाय सोडून बसता येतं. खानावळवाल्यांना मी कोणत्या दिवशी येणार ते ठाऊक आहे, संध्याकाळपर्यंत पोचले नाही तर ते शोध घेतील. नोव्हेंबरमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं, म्हणून मी रोज उजाडताना निघणार. डोंगरात जाण्याआधी आपली वाट लिहून पोलिसांकडे द्यायची इथे पद्धत आहे, तो फॉर्म भरला आहे. अस्वलांच्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या बहुतेक उत्तरेकडच्या आहेत. तरीही सॅकला घंटी बांधणार आहे, इथे सगळेच बांधतात.

मठातलं जेवण आईला आवडेल असं आहे. मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, तुझ्या चातुर्मासासारखं. तिळाचं पनीरसारखं तोफू आणि तिथलं वाळवलेलं कोया-दोफू, भाज्या, भात. थंडी असेल, कोयासान आठशे मीटरवर आहे, पण खोलीत हीटर असतो. दोन जेवणांसकट एका रात्रीचे दहा-पंधरा हजार येन पडतात. बाबा, हे पैसे मी वर्षभर वेगळे काढत होते. तुमच्या औषधांच्या खात्यातल्या पैशांना हात लागलेला नाही.

कोयासानबद्दल थोडं सांगू? बाबांना आवडेल. कूकाई नावाच्या भिक्षूला ८१६ साली सम्राटाकडून मठासाठी ती जागा मिळाली. तो त्याआधी चीनला जाऊन आला होता आणि तिथे प्रज्ञा नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूकडे संस्कृत शिकला होता. त्याच्या पंथात आजही अग्नीत समिधा टाकून होम करतात. ध्यानाला बसताना समोर चंद्रबिंब, त्यात कमळ आणि कमळावर "अ" हे अक्षर. सिद्धम् लिपीतलं, म्हणजे आपल्या देवनागरीच्या जुन्या नात्यातलं. इतक्या लांब, बर्फाच्या डोंगरावर, लोक "अ"कडे बघत बसतात हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा, पाटीवर तुम्ही गिरवून घेतलेला पहिला "अ"च होता.

तिथे ओकुनोइन नावाची स्मशानभूमी आहे, दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा शेकडो वर्षांची झाडं आणि दोन लाखांहून जास्त समाध्या. शेवटी कूकाईची समाधी. तो गेलाच नाही, ध्यानात बसला आहे, असं ते मानतात आणि दिवसातून दोनदा भिक्षू त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. बाराशे वर्षं झाली त्याला. वाटेवर चालणारा यात्रेकरू कधी एकटा नसतो, कूकाई त्याच्या सोबत चालतो, अशीही त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे "एकटी जातेस" हे आता म्हणू नका.

आई, ही गोष्ट खास तुला. कूकाईची आई म्हातारपणी मुलाला भेटायला समुद्र ओलांडून आली. पण डोंगरावर बायकांना बंदी होती, ती सरकारने १८७२ साली उठवली. म्हणजे ज्या जागी मी जाते आहे तिथे त्याच्या स्वतःच्या आईला जाता आलं नाही. मला या नियमाचा रागच येतो. ती पायथ्याच्या कुदोयामा गावात, जिसोन-इन नावाच्या देवळात राहिली, आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा, असं सांगतात. ती वाट वीसेक किलोमीटरची आहे. तिच्या कडेला दर १०९ मीटरवर एक याप्रमाणे १८० दगडी खांब आहेत, प्रत्येकाला पाच टप्पे, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. परतताना मी केबल-कारने न येता त्याच वाटेने पायी उतरणार आहे. जिसोन-इनला पोचले की पहिला फोन तुला.

तोपर्यंत फोन बंद. ही गोष्ट तुम्हाला सगळ्यात जड जाणार, मला माहीत आहे. मौन कोणी माझ्यावर लादलेलं नाही, त्या वाटेवर तसा नियमही नाही, मीच ठरवलंय. खानावळीत गरजेपुरतं बोलेन, कोणी पडलं-झडलं तर अर्थातच बोलेन. रोज संध्याकाळी पोचल्यावर फोन चालू करून आपल्या ग्रुपवर एक शब्द टाकेन, "पोचले". डोंगरात रेंज येते-जाते, उशीर झाला तर झोपायच्या आत खानावळीच्या फोनवरून दादाला कळवेन. तुम्ही उत्तरात प्रश्न विचारू नका. "जेवलीस का?"सुद्धा नाही, आई. कारण तू ते विचारलंस की मला घरी यावंसं वाटतं, आणि मग पुढचा डोंगर चढवत नाही.

आता तुमचं. बाबा, बायपासनंतर डॉक्टरांनी सांगितलेली रक्ताची गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची आहे, टीव्हीवरची बातमी संपल्यावर नाही. फराळातली एकच करंजी, आईच्या नकळत दुसरी नाही. मॉर्निंग वॉकला खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आई, बाथरूममधला दिवा रात्रभर चालू राहू दे, विजेच्या बिलाची काळजी करू नकोस. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा येऊन काढून देईल, मी त्याच्याशी बोलले आहे. पणत्या, रांगोळी, जेवढं जमेल तेवढंच. भाऊबीजेला मी दादाला व्हिडिओवर ओवाळीन, तेव्हा तुम्हीही समोर बसा.

जानेवारीचं तिकीट काढलंय. संक्रांतीला मी घरी असेन, आणि या वेळी दोन-चार दिवसांसाठी नाही. मार्चमध्ये जे झालं ते तेव्हा मी माझ्या तोंडून सांगेन, पाठ केलेलं नाही, खरं. तुम्ही ऐकून घ्या, सल्ला नंतर द्या.

आणि आई, गुडघ्याचा एक्स-रे मी येईपर्यंत टाळू नकोस. दादा पुढच्या शनिवारी येऊन तुला घेऊन जाणार आहे. रिपोर्ट मला पाठवा, मी निघायच्या आत.

तुमची,
छोटी