किडनीच्या रिपोर्टमधलं माकड: एका संशोधक डॉक्टरांना उघड पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

दादाच्या किडनीच्या रिपोर्टबद्दल मी मेलवर विचारलं होतं, त्यावर तुमचं उत्तर आलं तेव्हा घाईत दोन ओळींत आभार मानले होते. ते मनाला पुरेसं वाटलं नाही. शिवाय प्रत्यारोपण झालेल्या इतर घरांनाही यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

प्रत्यारोपणानंतर दादाचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का हे सांगणारा रक्तातला आकडा) चढायला लागलं तेव्हा आईने दिलेली किडनी शरीर नाकारतंय, असंच आम्ही धरून चाललो होतो. बायोप्सीच्या रिपोर्टात मात्र एक ओळ होती: 'एसव्ही४० पॉझिटिव्ह'. डॉक्टरांनी बीके विषाणूचं निदान सांगितलं, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी येऊन शोधलं, तर एसव्ही४० निघाला माकडाचा विषाणू. आईने एवढंच विचारलं, "माझ्याच किडनीतून गेला का गं?"

ते शोधतानाच तुमचं नाव सापडलं. तुमच्या शोधनिबंधांची यादी बघून आधी वाटलं, एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणार. निम्मे निबंध किडनीच्या आजारांवर, निम्मे माकडा-उंदरांच्या विषाणूंवर. उत्तराची फारशी आशा न धरता मेल टाकली.

तुम्ही अगदी मुळापासून समजावलंत. एसव्ही४० सापडला १९६० मध्ये, पोलिओच्या लसीसाठी वापरल्या जाणाऱ्या र्‍हीसस माकडांच्या किडनीच्या पेशींत. बीके १९७१ मध्ये जगापुढे आला, तो किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीतून. दोघेही पॉलिओमा कुळातले आणि इतके जवळचे, की माकडाच्या विषाणूतल्या टी अँटिजेन नावाच्या प्रथिनासाठी बनवलेली अँटिबॉडी बीकेच्या प्रथिनालाही चिकटते. म्हणून बायोप्सीच्या कापावर तीच घालतात, आणि पेशींची केंद्रकं रंगली की रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' येतं. म्हणजे माकड फक्त प्रयोगशाळेतल्या बाटलीपुरतं होतं!

आईच्या प्रश्नावर तुम्ही नुसतं 'छे, छे' म्हणाला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही खरं ते लिहिलंत: बीके दात्याच्या किडनीतून येऊ शकतो, आणि दादाच्या स्वतःच्या शरीरातलाही असू शकतो. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि मग मूत्रमार्गात गुपचूप पडून राहतो. आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

मग यादीचाही उलगडा झाला. माकडाच्या किडनीतही एसव्ही४० असाच निमूट असतो आणि एसआयव्हीने (माकडांमधल्या एचआयव्हीसारख्या विषाणूने) माकडाची प्रतिकारशक्ती खचली की उचल खातो. आपल्याकडे प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती आपणच गोळ्यांनी दाबून ठेवतो. तुम्ही एकच प्रश्न दोन प्राण्यांना विचारत होतात.

सर्वांत मोठी मदत झाली ती दादाची भीती जाण्यात. टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची, वेळ चुकू नये म्हणून मोबाइलला गजर लावणारा माणूस तो. त्याच गोळ्या कमी करायच्या म्हणजे किडनीवर पाणी सोडायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. डोसबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, ते काम त्याच्या डॉक्टरांचं म्हणालात. फक्त कारण सांगितलंत: किडनी नाकारली जात असेल तर औषधं वाढवतात, बीके असेल तर कमी करतात, आणि क्रिएटिनिन दोन्हींत चढतं. बीकेला मारणारं खात्रीचं औषध नाही. ते काम शरीराच्या स्वतःच्या पेशींवर सोपवावं लागतं, म्हणून त्यांना थोडी मोकळीक.

कुणीतरी लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुचवलं होतं, तेही मी विचारलं. तुम्ही २०१४ ची चाचणी पाठवलीत: प्रत्यारोपणानंतर तीन महिने ही गोळी देऊनही लघवीत बीके यायचं थांबलं नाही. जमलं नाही हेही कुणी छापून ठेवतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. नाहीतर आम्ही नक्कीच डॉक्टरांच्या मागे लागलो असतो.

आता रक्तातल्या बीकेचा आकडा उतरतोय. क्रिएटिनिन पूर्वीइतकं खाली आलेलं नाही, पण स्थिर आहे. औषधं कमी असताना शरीर किडनी नाकारत तर नाही ना, यावर डॉक्टरांची नजर आहे. पुढचा पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी) महिन्याभराने आहे. रिपोर्ट आला की कळवीन. उत्तराची घाई मुळीच नाही.

तुमची कृतज्ञ,
एका पेशंटची बहीण