बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

पुणे, मे अखेर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "नवा किडा सापडला म्हणाली होतीस, मग त्याचं अजून चाललंय तरी काय?" तेव्हा मी घाईत होते, आणि हे दोन वाक्यांत सांगून होण्यासारखंही नाही. म्हणून आज नीट लिहायला बसले आहे.

आधी आनंदाची बातमी. त्या किड्यावरचा, म्हणजे एका भुंग्यावरचा, आमचा शोधनिबंध स्वीकारला गेला. छापून यायला थोडा वेळ आहे, आणि तोवर त्या भुंग्याचं नाव मी तुम्हालाही लिहिणार नाही. वर्णनाच्या आधी नुसतं नाव बाहेर पडलं तर शास्त्रात ते धरत नाहीत, आणि पुढच्या माणसांचा घोळ होतो. छापून आलं की पहिला फोन तुम्हालाच.

आई, या भुंग्याचे भाऊबंद तू पाहिलेले आहेस. पहिल्या पावसानंतर आपल्या अंगणातल्या ट्यूबलाइटवर येऊन धडकतो तो मोठा काळा चकचकीत भुंगा आठवतो का? हातात धरला की छातीखालचा काटा टोचतो, तो. तो हायड्रोफिलस. हिप्परग्याच्या तळ्यासारख्या साठलेल्या पाण्यात राहतो आणि रात्री उडून दिव्याकडे येतो. त्याच्या कुळाला हायड्रोफिलिडी म्हणतात. जगभरात या कुळातल्या तीन हजारांहून जास्त जातींना आजवर नावं मिळाली आहेत. सगळे पाण्यातच असतात असंही नाही, काही तर गुरांच्या ताज्या शेणात राहतात. पूर्ण वाढलेले भुंगे बहुतेक करून कुजकी पानं आणि शेवाळ खातात. अळ्या मात्र पक्क्या शिकारी.

मला यांचं श्वास घेणं सगळ्यात जास्त आवडतं. पाण्यातले दुसरे भुंगे शेपटाकडचं टोक वर काढून हवा घेतात. हे डोकं वर आणतात, एक मिशी पाण्याबाहेर काढतात आणि तिच्या कडेने हवा खाली ओढून घेतात. पोटाखाली बारीक दाट लव असते, तिच्यात ती हवा अडकून राहते. काचेच्या भांड्यात खालून पाहिलं तर अख्खं पोट चांदीचं दिसतं. मिशी या कामात गुंतलेली, त्यामुळे चाचपायचं काम तोंडाजवळच्या लांब स्पर्शिका करतात. नवखा माणूस त्यांनाच मिश्या समजतो.

आमचा भुंगा आंबोलीचा. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या सोलापूरच्या दहापट म्हणा. जंगलात उभे कातळ आहेत. त्यांच्यावरून धबधबा पडत नाही, नुसतं पाणी पाझरत असतं, नखभरसुद्धा खोल नसलेलं. त्या ओल्या दगडावर हा राहतो. पोहायला पाणीच नाही, त्यामुळे तो चालतो. लांबी जेमतेम साडेचार मिलिमीटर, रंग काळा, पण टॉर्च तिरपा धरला की हिरवट झाक मारतो. चाहूल लागली की क्षणात भेगेत शिरतो. त्याची प्रजात, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ओओसायक्लस, डेव्हिड शार्प या इंग्रज अभ्यासकाने 1882 मध्ये मांडलेली. म्हणजे प्रजात जुनी आहे, फक्त ही जात कोणी नोंदवलेली नव्हती.

आता बाबांचा प्रश्न. "कोणी नोंदवलेली नाही" हे म्हणायचं कशाच्या जोरावर? वेळ गेला तो इथे. आजवर वर्णन झालेली प्रत्येक जवळची जात पुढे ठेवून बघावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी जातींची वर्णनं आर्मां दॉर्शिमाँ या बेल्जियन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी फ्रेंचमध्ये लिहून ठेवली आहेत, आणि त्याचा संग्रह ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. तिथल्या मूळ नमुन्यांचे फोटो आले, तेव्हा पुढे सरकता आलं.

आणि बघायचं म्हणजे नुसतं वरून नाही. बाबा, तुम्ही कारखान्यात चेकिंगला होतात तेव्हा चादर आधी उलटी करून बघायचात, तसंच हे आहे. वरून दोन जाती जुळ्या दिसतात. छातीखालचा कंगोरा, मांडीवरची लव कुठपर्यंत आहे, पंखांवर ठिपक्यांच्या ओळी किती ठसठशीत आहेत, हे मायक्रोस्कोपखाली तपासायचं. शेवटचा निकाल नराच्या जननेंद्रियावर लागतो. वाळलेला भुंगा कोमट पाण्यात मऊ करायचा, बारीक सुयांनी तो भाग अलगद बाहेर काढायचा आणि ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचा. मधे एक दांडा आणि दोन्ही बाजूंना दोन पाती, सगळं मिळून एका मिलिमीटरच्या आसपास. आमच्या भुंग्यात त्या पात्यांची टोकं बाहेर वळलेली आहेत. बाकी कोणत्याही जातीत तशी नाहीत. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. नंतर दुसरा नर, तिसरा नर, सगळ्यांत तेच. मग खात्री पटली.

त्यातला एक नर आता होलोटाइप झाला. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याच एका नमुन्याकडे यायचं. त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावली आणि तो प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे जमा केला. जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्यात नव्या जातीचा नमुना असा सरकारमान्य संग्रहात द्यावाच लागतो. मला ते फार बरोबर वाटतं. तो माझ्या कपाटात राहायला नको.

"याचा उपयोग काय?" असं शेजारच्या काकांनी विचारल्याचं आई म्हणाली. त्यांना सांग, घाटात रस्ता रुंद करताना सगळ्यात आधी फोडतात ते हे पाझरणारे कातळ. तिथे काय राहतं याची यादी करायला बसलं तर नाव नसलेला जीव त्या यादीत घालायचा कसा? वाघाच्या बाजूने बोलणारे खूप आहेत. साडेचार मिलिमीटरच्या भुंग्यासाठी निदान कागद तरी हवा, आणि तो कागद करणं मला महत्त्वाचं वाटतं. एवढा वेळ गेला याचं मला जराही वाईट वाटत नाही.

बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना? दुपारी गच्चीवर अजिबात जाऊ नका, इकडे बातम्यांत सोलापूरचा पारा बघून जीव कासावीस होतो. आई, कुरडया तू एकटीने घालू नकोस, मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे. शेंगाचटणी कुटून ठेव, इथल्या मुलींनी मागची दोन दिवसांत संपवली.

एक काम मात्र दोघांनी करायचं. पाऊस सुरू झाला की ट्यूबलाइटखाली तो काळा भुंगा आला का बघा, आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. किती आले तेही लिहा. मारू नका. टोपल्याखाली झाकून ठेवा आणि सकाळी बाबांनी फिरायला जाताना सिद्धेश्वर तलावात सोडून द्या. उचलताना पाठीकडून धरायचा, म्हणजे काटा लागणार नाही.

तुमची,
मनू