कानात थेंब कसे टाकायचे हे शिकवणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

ओपीडीतल्या त्या गर्दीत तुम्ही आम्हाला दिलेली दहा मिनिटं मी विसरणार नाही.

लेकीचा कान ठणकत होता. पाळीला हात लावला तरी ती किंचाळायची. चार दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन (जंतू मारणारं) आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं) या औषधांचे थेंब टाकूनही फरक नव्हता, म्हणून मी गोळ्यांसाठी हटून बसले होते. डॉक्टरांनी कानातली घाण साफ केली, संसर्ग बाहेरच्या नळीतच आहे, पडदा शाबूत आहे, तेच औषध चालू ठेवा म्हणाले. मी हिरमुसून बाहेर आले आणि तुम्ही विचारलंत, "थेंब कसे टाकता, करून दाखवा बघू."

मी तिला बसवूनच मान कलती केली, थेंब सोडले, लगेच कापसाचा बोळा कोंबला. तो ओला बोळा तुम्ही काढून माझ्या तळहातावर ठेवलात. "औषध हा प्यायला, कान कोरडाच राहिला."

मग बाटली मुठीत धरून कोमट केलीत, कारण गार थेंबांनी चक्कर येते. लेकीला कुशीवर झोपवलंत, पाळी अगदी हलक्या हातानं वर-मागे ओढलीत आणि थेंब नळीच्या कडेनं ओघळू दिलेत, म्हणजे आत हवा अडकत नाही. कानापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबलात. पाच मिनिटं तिला तशीच पडून राहू दिलंत. गोळीचं औषध रक्तातून फिरत जेवढं पोचतं त्याच्या कितीतरी पट जास्त थेंबांतून थेट दुखऱ्या जागी पोचतं, हेही तेव्हाच सांगितलंत. माझा गोळ्यांचा हट्ट तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी ती रात्रभर शांत झोपली. तरी सातही दिवस थेंब टाकले, अंघोळीला कानात पाणी जाऊ दिलं नाही, आणि घरातले बड्स फेकून दिले. कान कोरण्यानंच नळीची त्वचा सोलवटते, हे आधी कळायला हवं होतं.

उरलेली बाटली शेजारच्यांनी मागितली. मी दिली नाही. पडद्याला भोक असेल तर निओमायसिनसारख्या काही थेंबांनी बहिरेपणही येऊ शकतं, हे तुमचं बोलणं डोक्यात पक्कं बसलंय. त्यांना आधी कान तपासून घ्यायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी लेक आपणहून कुशीवर झाली, बाटली मुठीत धरून म्हणाली, "आई, थांब, अजून गार आहे."

तुमची मनापासून ऋणी,
एक आई