ऑनर्स म्हणजे नक्की काय?

महोदय,
व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञानाच्या पदव्यांपुढे आता ‘ऑनर्स’ हा शब्द सर्रास दिसतो. त्याचा अर्थ देशागणिक बदलतो, हे मात्र प्रवेशाच्या वेळी फारसे कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये तीन वर्षांची नेहमीची पदवीच बहुधा ऑनर्स असते, स्कॉटलंडमध्ये त्याला चार वर्षे लागतात. ऑस्ट्रेलियात अनेकदा पदवीनंतरचे वेगळे एक वर्ष आणि त्यात प्रबंध. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या साध्या पदवीला किमान १२० श्रेयांक (क्रेडिट), चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येते, त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो.

माझी शंका या प्रबंधाविषयीच आहे. बीसीएचा विद्यार्थी ॲप बनवतो आणि त्यालाच संशोधन म्हणतो. ॲप चालले, हा काही निष्कर्ष नव्हे. ते कुणी वापरले, कुणी अर्ध्यात सोडले, आधीच्या पद्धतीपेक्षा किती वेळ वाचला, हे मोजले तर गोष्ट वेगळी. बीबीएत पन्नास मित्रांकडून फॉर्म भरून घ्यायचा, वर्तुळालेख काढायचे, की झाले! (मार्गदर्शकांनाही हे ठाऊक असते.)

एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि त्याने स्वतः कोणते संशोधन केले आहे, एवढे तरी महाविद्यालयांनी माहितीपत्रकात छापावे. चौथ्या वर्षाची फी भरण्याआधी पालकांनीही तेच विचारावे.

– एक निवृत्त प्राध्यापिका