वॉर्डातल्या मृत्यूनंतर कर्मचाऱ्यांचे काय?

संपादक महोदय,

रुग्णालयात रुग्ण दगावला की नातेवाईक संतापतात, चौकशी समिती नेमली जाते, बातमी छापून येते. मात्र त्या रुग्णापाशी शेवटपर्यंत उभ्या असलेल्या परिचारिकेची, निवासी डॉक्टरची किंवा मावशीची विचारपूस सहसा कोणी करत नाही. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने एखादी स्त्री गेली, तर लेबर रूममधली सिस्टर थरथरत्या हाताने इंजेक्शनांच्या वेळा केसपेपरवर लिहून काढते, मावशी फरशीवरचे रक्त पुसते आणि थोड्याच वेळात त्याच टेबलावर दुसरी बाई कळा देत असते. पुढच्या पाळीला काम सोपवून घरी गेल्यावर, रक्ताची पिशवी आधीच मागवली असती तर, हा विचार पाठ सोडत नाही.

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खंडित होऊन किमान २२ रुग्ण दगावले. ऑक्सिजनचा दाब उतरत असताना वॉर्डात असलेल्यांनी जे पाहिले, ते कोणत्याही चौकशी अहवालात मावणारे नाही.

यावर समुपदेशक आहेत, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, असे उत्तर मिळते. ही सोय चांगलीच आहे. पण अर्धा तास सीपीआर देऊनही मूल हातचे गेलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता जवळ हवा असतो तो हेच काम करणारा, ज्याला काही समजावून सांगावे लागत नाही असा सहकारी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने २०११ मध्ये याच विचाराने ‘राइज’ हा उपक्रम सुरू केला. तिथे प्रशिक्षित सहकारी स्वेच्छेने, रात्री-अपरात्रीही, फोन घेतात आणि घटनेची चिकित्सा न करता केवळ ऐकून घेतात. सुरुवातीला त्यांना फारच थोडे फोन येत, हे आपल्याकडे प्रयोग करणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवावे, नाहीतर सहा महिन्यांत ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होईल. मिसुरी विद्यापीठाच्या अशाच पथकाचा अंदाज असा, की सुमारे ६० टक्के जणांना आपल्याच विभागातला आधार पुरतो. तज्ज्ञाची गरज थोड्यांनाच लागते.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रत्येक विभागातून अशी दोन-तीन माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण द्यावे. ती वरिष्ठ नसावीत. घटनेतून गेलेल्या कर्मचाऱ्याची दुसऱ्या दिवशीची ड्यूटी बदलून देण्याची मुभा असावी आणि कंत्राटी असल्यामुळे कुठल्याच यादीत नसलेल्या मावशींनाही यात धरावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या बोलण्याची नोंद ठेवू नये आणि ऐकणाऱ्याला चौकशीत साक्षीसाठी बोलावू नये. अधिष्ठात्यांनी तसा लेखी आदेश काढल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही तोंड उघडणार नाही, हे मी नोकरीतल्या अनुभवावरून सांगते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा